दार लावून वाजवा

बेबीच्या बाबांनी मरायची तयारी केली ती बदलीचा हुकूम आलेल्या माणसासारखी. आधी पुस्तकं वाचनालयाला गेली, मग कोट गेले, मग छत्री गेली. नकाशे काढायच्या पेन्सिली त्यांनी टोकं काढून, रबर बँड लावून जुन्या सहकाऱ्याच्या घरी पोचत्या केल्या. "अजून वेळ आहे," असं डॉक्टर म्हणाले, तर त्या वेळात त्यांनी माळा आवरायला घेतला. मागे पसारा राहू नये एवढाच त्यांचा हट्ट होता. फक्त पसारा कशाला म्हणायचं याबाबत ते फार उदार होते. एक दिवस बेबी कामावरून आली तर त्यांच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा रिकामा.

"गिटार कुठाय?"

"दिली."

"कुणाला?"

"एक गृहस्थ आले होते. सभ्य वाटले."

आजारी माणसाशी वाद घालू नये म्हणून बेबीनं तो नंतरसाठी ठेवला. नंतर वाद घालायला कुणी उरलंच नाही. बाबा गेलेसुद्धा सुट्टीच्या दिवशी, दुपारचा चहा पिऊन, कपबशी विसळून पालथी घालून. कुणाची रजासुद्धा वाया गेली नाही.

बेबी म्हणजे कुणी लहान मुलगी नव्हे. पन्नाशीला टेकलेली, चष्मा लावणारी, वीजबिलं वेळेवर भरणारी बाई. लहानपणी कुणीतरी बेबी म्हणालं आणि नंतर ते बदलायचं राहून गेलं. घरातली बरीच कामं अशीच राहून गेली होती. ती कान तपासणीच्या केंद्रात कामाला होती. काचेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला जाड दाराच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून बसलेला माणूस. ती बारीक आवाज सोडायची आणि ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते : माणसं खोटं बटण दाबतात. विशेषतः आजोबा मंडळी. "आजोबा, मी अजून सुरूच केलेलं नाही," असं तिला दिवसातून एकदा तरी म्हणावं लागायचं.

आणि अशी ही बेबी संध्याकाळी घरी यायची, स्वयंपाकघरात दिवा लावायची, कांदा चिरायला घ्यायची आणि तिचे स्वतःचे कान भिंतीला लागायचे. भिंतीपलीकडे बाबांची खोली होती. ऑफिसातून आले की बाबा दार लावून घ्यायचे आणि गिटार वाजवायचे. ही गिटार म्हणजे गळ्यात अडकवून उड्या मारायची नव्हे. पोकळ अंगाची, पोट जरासं फुगलेलं, व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं असलेली, जुन्या जॅझवाल्यांची. ती खरं म्हणजे विजेवर वाजवायची असते. पण विजेवर लावली तर शेजाऱ्यांना त्रास होईल म्हणून बाबांनी आयुष्यभर ती विजेशिवाय वाजवली. त्यामुळे जॅझ गिटारचा जो गोल, मखमली आवाज जगात प्रसिद्ध आहे तो बेबीनं कधी ऐकलाच नव्हता. तिला ठाऊक होता तो भिंतीतून गाळून येणारा आवाज. कोरडा, लाकडी, बेताचा. कुणीतरी पलीकडे बसून टेबलावर बोटं वाजवत विचार करतंय, आणि विचार बरा चाललाय, असा.

आता कांदा चिरताना फक्त कांदाच ऐकू यायचा.

म्हणून बेबीनं ठरवलं, तशी गिटार शोधायची. एवढंच. एवढं साधं काम होतं.

कुठलंही साधं काम असलं की पहिल्यांदा त्यात शेजारच्या काकू येतात. काकू नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यातून निवृत्त झालेल्या आणि खातं सोडलं तरी खाक्या न सोडलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हरकत नोंदवली.

"अगं, आवाजच हवाय ना घरात? कुत्रं पाळ."

"कुत्रं नको, काकू."

"मग रेडिओ घे. बंद तरी करता येतो. गिटार घेणार तू, आणि वाजवायचं कुणी?"

"ते पुढचं पुढे."

"तुमच्या घरात पुढचं पुढे कधीपासून व्हायला लागलं?" असं म्हणून काकू थांबल्या, कारण हे जरा लागेल असं त्यांच्या लक्षात आलं. मग भरपाई म्हणून त्यांनी कुत्र्यांच्या तीन जाती सुचवल्या.

दुसरा सल्ला कामावरून आला. कानाच्या डॉक्टरांना तिनं सहज विचारलं, एखादा आवाज कानाला हवाहवासा वाटत राहतो, असं का होतं? डॉक्टरांनी तिला ताबडतोब त्याच जाड दाराच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले आणि तपासणी केली. कान उत्तम निघाले. "तुम्हाला काहीही झालेलं नाही," असं ते म्हणाले. बेबीला उगाच वाईट वाटलं.

तिसरा आला दादा. दादा दूर दुसऱ्या देशात राहायचा आणि घरच्या प्रत्येक अडचणीवर इंटरनेटवरून काहीतरी मागवायचा. "तू काही करू नकोस," तो फोनवर म्हणाला, "मी बघतो." दादाचं हे वाक्य ऐकलं की बेबी पार्सल ठेवायला जागा शोधायला लागायची. पण तो मायेनं म्हणत होता आणि माया नाकारायची कशी हे त्यांच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं. महिन्याभरात पार्सल ऑफिसातून सूचना आली : लाकडी वस्तू, अडवून ठेवली आहे, समक्ष यावे.

पार्सल ऑफिसातला कारकून मन लावून काम करणारा होता. असे लोक सर्वांत धोकादायक.

"खोक्यात काय आहे?"

"गिटार."

"गिटारच्या आत?"

"काही नाही. पोकळ असते ती."

त्यानं 'काही नाही' असं लिहिलं, त्याकडे बघितलं आणि खोडलं. "काही नाही असं लिहिता येत नाही, मॅडम. रकाना भरायला लागतो."

बराच विचार होऊन शेवटी 'हवा' असं लिहिलं गेलं. बेबीनं सही केली.

पण खरी अडचण लाकडाची होती. लाकूड जुन्या झाडाचं असेल तर वनखात्याचा दाखला लागतो. ते किती जुनं हे जाणकारानं सांगायचं. जाणकार गिटार बघितल्याशिवाय सांगणार नाही. गिटार खोक्यात. आणि दाखला असल्याशिवाय खोकं उघडता येत नाही. हे सगळं कारकुनानं तिला इतक्या शांतपणे सांगितलं की बेबीला ते क्षणभर पटलंसुद्धा. काकूंना कळलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोडीचं काहीतरी समोर आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ऑफिसात गेल्या, तिथल्या साहेबांच्या खुर्चीसमोर पर्स मांडीवर घेऊन बसल्या आणि जेवणाच्या सुट्टीतही उठल्या नाहीत. संध्याकाळी साहेबांनी 'तपासणीसाठी' खोकं उघडायची परवानगी दिली. काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "मी काही बोलले नाही. नुसती बसले."

खोकं उघडलं. तपासनीसानं गिटार बाहेर काढली, उलटीसुलटी केली, बोटानं ठोकली.

"मॅडम, ही भरीव आहे."

"असं कसं? भोकं आहेत की."

तपासनीसानं भोकावर बोट ठेवलं. बोट आत गेलं नाही. भोकं रंगवलेली होती. काळ्या रंगानं, अगदी नीट, कडेला सावलीसुद्धा दिलेली.

"आणि तुम्ही तर हवा लिहिलंय," कारकून दुखावल्या स्वरात म्हणाला.

"तुम्हीच लिहिलंत."

"सही तुमची आहे."

खोटी माहिती दिल्याबद्दल बेबीला खुलासा द्यावा लागला. शाळेत कधी बाकावर उभी न राहिलेली बाई त्या टेबलाशी उभी राहून लिहीत होती की, आत हवा नसल्याची मला कल्पना नव्हती. रात्री दादाचा फोन आला. "अगं, फोटोत भोकं स्पष्ट दिसत होती!"

"दिसतातच, दादा. छान काढलीयेत."

गिटार आल्या पावली परत गेली. त्यानंतर बेबीनं ठरवलं की आता स्वतः जाऊन, स्वतःच्या कानांनी ऐकूनच घ्यायची. यातला 'स्वतःच्या कानांनी' हा भाग पुढे फार महागात पडला.

कारण तिची तपासायची पद्धत एकच होती. वाजवणाऱ्यानं खोलीत जायचं, वीज लावायची नाही, दार लावायचं आणि वाजवायचं. ती बाहेर, भिंतीपलीकडे उभी राहणार. तिला यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. ती रोज आठ तास हेच करत होती.

वाद्यांच्या दुकानात मालकानं एक जुनी, मधाच्या रंगाची गिटार काढली, ॲम्प्लिफायरला जोडली आणि असा काही गोड सूर काढला की रस्त्यावरची दोन माणसं थबकली.

"हे बंद करा," बेबी म्हणाली.

"बंद?"

"वीज नको. आणि दार लावून वाजवा."

मालकानं चौफेर बघितलं. दुकानात दार असलेली खोली एकच होती, ती म्हणजे संडास. पण बरेच दिवस गिऱ्हाईक नव्हतं आणि माणूस व्यवहारी होता. तो गिटार घेऊन आत गेला, कडी लावली आणि वाजवू लागला. फरशांमुळे आवाज रिकाम्या हौदातून आल्यासारखा घुमला. बेबी दाराला कान लावून उभी राहिली. तेवढ्यात एक कुटुंब मुलीसाठी बासरी घ्यायला आलं. संडासाच्या दाराला कान लावून उभी असलेली सुशिक्षित बाई आणि आतून येणारं जॅझ, हे बघून वडिलांनी मुलीचा हात धरला आणि तिला बाहेर नेलं. आतून मालक ओरडला, "कसं वाटतंय?"

"घुमतंय," बेबी म्हणाली.

"घुमणारच हो!"

दुसरी गिटार एका दातांच्या डॉक्टरांकडे होती. त्यांच्या बैठकीच्या खोलीत अकरा-बारा गिटारी भिंतीवर टांगलेल्या, प्रत्येकीवर स्वतंत्र दिवा. डॉक्टरांनी प्रत्येकीची जन्मकथा सांगितली. बेबीनं एकीकडे बोट दाखवून ती वाजवायची विनंती केली. डॉक्टर दचकले.

"वाजवायची? छे छे. वाजवली की तिची किंमत उतरते."

"मग तुम्ही कधीच…"

"मला येत नाही ना," डॉक्टर अभिमानानं म्हणाले.

बऱ्याच विनवण्यांनंतर ते एक गिटार घेऊन झोपायच्या खोलीत गेले आणि दार लावून गरम तव्याला हात लावतात तसा एका तारेला हात लावू लागले. टिंग. मग बराच वेळ काही नाही. मग टिंग. बेबी पॅसेजमध्ये डोळे मिटून उभी. डॉक्टरांच्या बायकोला हे काही पसंत नव्हतं. नवरा एका खोलीत कोंडलेला, आणि अनोळखी बाई घरात मोकळी. त्या बेबीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, बेबी दोन पावलं सरकली तर त्याही दोन पावलं सरकल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही नक्की काय बघायला आलायत?"

"बघायला नाही, ऐकायला."

"त्यांच्याकडे ऐकण्यासारखं काही नाही," डॉक्टरीणबाई थंडपणे म्हणाल्या. आतून टिंग झालं.

जिना उतरताना बेबीच्या लक्षात आलं की आपल्या पर्सची चेन उघडी आहे. डॉक्टरीणबाईंनी मागच्या मागे पर्स तपासली होती. आयुष्यभर सुट्टे पैसेसुद्धा मोजून परत करणाऱ्या घराण्याला हे दिवस. ती जिन्यातच थोडा वेळ उभी राहिली. कुणाला सांगावं असं काही घडलं की घरी जाऊन ते भिंतीपलीकडे सांगायची तिची सवय होती. "बाबा, आज काय झालं माहितेय?" असं ओरडायचं. वाजवणं न थांबवता तिकडून "हं?" यायचं. तिनं चेन लावली आणि खाली उतरली.

तिसरी जाहिरात वर्तमानपत्रात होती : 'जुनी जॅझ गिटार, फक्त जाणकारांनी भेटावे.' बेबी जाणकार नव्हती, तरी गेली.

गिटारचे मालक सत्तरीपलीकडचे, केसांना तपकिरी कलप, मिशांना काळा; दोन्ही वेगवेगळ्या दिवशी लावलेले असावेत. तरुणपणी ते प्रवासी जहाजांवरच्या बँडमध्ये वाजवायचे, म्हणून त्या इमारतीत त्यांना सगळे जहाजवाले म्हणायचे. त्यांनी दार किलकिलं करून पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षं वाजवता?"

"मी वाजवत नाही."

"मग जाणकार कशा?"

"मी कान तपासते."

जहाजवाल्यांनी दाराची साखळी काढली. त्यांनी आत घेतलं. गिटार गडद तांबडी, जवळजवळ काळी. बाबांची फिकट होती. शेवटी बाबांचीच गिटार इथे सापडली असं कुणाला वाटलं असेल, तर तसं काही झालं नाही. अशा गोष्टी होत असत्या तर पार्सल ऑफिसं बंद पडली असती.

जहाजवाल्यांनी आधी अर्धा तास जहाज सांगितलं. कुठल्या बंदरात कुठल्या बाईनं रुमाल फेकला, कप्तानानं स्वतः येऊन हात कसा मिळवला. यातलं निम्मं खरं असावं असं बेबीला वाटलं. पण कुठलं निम्मं, ते कळेना. मग तिनं आपली विनंती सांगितली. तिला वाटलं, आता हेही हाकलून देणार.

"विजेशिवाय?" ते म्हणाले. "आणि दार लावून? म्हणजे मला कुणी बघणार नाही?"

"नाही."

"मग मिशी नीट करायला नको," असं म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

बेबी त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर एक कप, एक ताटली, एक चमचा. ती स्टुलावर बसली. पलीकडे गिटार सुरू झाली. जहाजवाले बाबांपेक्षा फार चांगले वाजवत होते, हे तिला लगेच कळलं. मग ते कळायचं थांबलं. आवाज भिंतीतून आला तो कोरडा, लाकडी, बेताचा. ओट्यावरचा तो कप विसळून तिनं पालथा घातला, तेव्हा कुठे आपण उठलोय हे तिच्या लक्षात आलं. मग ताटली विसळली. मग ओटा पुसला. पलीकडे वाजतच होतं. जहाजवाले थांबले नाहीत आणि बेबीनंही सांगितलं नाही. शेवटी दार उघडून ते बाहेर आले तेव्हा त्यांचं स्वयंपाकघर लख्ख झालेलं होतं.

"पसंत?" त्यांनी विचारलं.

बेबीनं मान डोलावली. मग हातातलं ओलं फडकं पिळून वाळत घातलं.

व्यवहार झाला. जहाजवाल्यांनी गिटार पेटीत ठेवली, पेटी बंद केली, पुन्हा उघडली, एकदा बघितलं आणि बंद केली. "बोटं आखडायला लागलीत," ते म्हणाले, "नाहीतर देणार नव्हतो." मग दाराशी आल्यावर एकदम, "काही झालं तर सांगा. म्हणजे काही होणार नाही. पण झालं तर."

बेबी घरी आली. गिटार बाबांच्या खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात उभी केली. खोलीचं दार लावलं. स्वयंपाकघरात येऊन दिवा लावला, कांदा घेतला आणि बसली.

पलीकडे अर्थातच काही वाजलं नाही.

ही गोष्ट तिला आधी सुचली नव्हती असं म्हटलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, वाजवायचं कुणी? पण इतके महिने दुसऱ्यांनाच खोल्यांमध्ये कोंडून वाजवायला लावत फिरताना ती ते सोयीस्करपणे विसरून गेली होती. योग्य गिटार योग्य खोलीत, योग्य भिंतीपलीकडे होती. ती स्वतः जाऊन वाजवायला बसली असती, तर भिंतीच्या चुकीच्या बाजूला गेली असती. कांदा हातात धरून ती तशीच बसली. बाहेर कुणाचा तरी जिना चढायचा आवाज आला आणि वरच्या मजल्यावर गेला.

असं काही झालं की काय करायचं, हे त्यांच्या घरात ठरलेलं होतं. आवरायला घ्यायचं. बेबीनं मऊ फडकं घेतलं आणि गिटार पुसायला बसली. तारांखाली धूळ होती. तिथे फडकं पोचेना. म्हणून तिनं सगळ्या खुंट्या ढिल्या केल्या आणि सहाच्या सहा तारा काढून ठेवल्या. शेवटची तार सुटली त्याबरोबर गिटारचा एक भाग टपकन पडला.

बेबीनं काकूंना हाक मारली, ती भिंतीवर मूठ आपटून. काकू चष्मा घालत धावत आल्या. पडलेला भाग म्हणजे गिटारची घोडी होती. तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी.

"तुटली?"

"तुटली नाही. सुटली."

"चिकटवलेली नव्हतीच वाटतं," काकूंनी उलटी करून बघितली. "बघ, फसवलं तुला. गोंद आण."

जागेवर घोडीचा पुसट डाग होता, पण डाग तिरका होता. दोघी बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. दोघींच्याही आयुष्यात कॅलेंडर तिरकं लटकलेलं कधी खपलं नव्हतं.

"इतके दिवस वाकडी बसवलेली होती," काकू म्हणाल्या. "आपण सरळ बसवू."

बाबांच्या टेबलाच्या खणात मागे एक गुण्या अडकून राहिला होता. सगळं वाटून टाकताना तेवढा एक निसटलेला. बेबीनं तो लावून काटकोन धरला, काकूंनी गोंद लावला, वर घरपट्टीच्या नियमांचं जाडजूड पुस्तक वजनाला ठेवलं. काम इतकं नेटकं झालं होतं की बाबांनी शाबासकी दिली असती. दुसऱ्या दिवशी दोघींनी तारा चढवल्या. त्याला सगळी संध्याकाळ लागली आणि एक तार काकूंच्या अंबाड्यात अडकली. मग बेबीनं एक तार छेडली. मग मधे बोट दाबून छेडली. कान तपासणाऱ्या बाईला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. तार बरोबर मधोमध दाबली की तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा; इथे मोकळी तार एक सांगत होती आणि दाबलेली दुसरंच.

तिनं फोन लावला. "काही झालंय," ती म्हणाली.

जहाजवाले कोट घालून आले. मिशी आणि केस आता एकाच रंगाचे होते. त्यांनी गिटार बघितली आणि खाली बसले.

"घोडी चिकटवलीत?"

"पडली होती."

"पडणारच! ती नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. म्हणून तारा एकेक करून बदलतात. कुठल्या गाढवानं…" इथे त्यांचं लक्ष काकूंकडे गेलं, "…कुठल्या गोंदानं चिकटवलीत?"

"घरातल्या," काकू ताठ मानेनं म्हणाल्या. "आणि वाकडी होती तुमची. सरळ केली."

"वाकडीच असते, बाई! वाकडी असते तेव्हाच सुरात असते!"

"हे कुठे लिहिलंय?"

जहाजवाल्यांनी गिटारच्या पेटीत खरोखरच काही लिहिलंय का ते बघितलं. पार्सल ऑफिसच्या साहेबांचं काय झालं असेल, ते बेबीला आता दिसलं. सुदैवानं काकूंचा गोंद फार जुना होता. ओल्या कोमट फडक्यानं तासाभरात सुटला. जहाजवाल्यांनी घोडी तिरकी केली, तारा चढवल्या आणि सूर बघताना त्यांच्या बोटांतून पिक निसटली. वाजवायची ती छोटी प्लास्टिकची चकती गिटारच्या भोकातून थेट पोटात. मग जहाजावर रुमाल झेललेल्या त्या माणसानं गिटार डोक्यावर उलटी धरली, काकूंनी बॅटरीचा उजेड पाडला आणि बेबीनं खाली फडकं पसरलं. आत चकती खुळखुळत राहिली आणि बाहेर काही येईना.

"डावीकडे हलवा."

"डावीकडेच हलवतोय."

"माझ्या डावीकडे!"

चकती पडली तेव्हा काकूंनी टाळी वाजवली आणि लगेच, आपण टाळी वाजवणाऱ्यांतल्या नव्हेत हे आठवून, त्या घरी गेल्या.

खोलीत दोघंच उरली. जहाजवाल्यांनी तार छेडून बघितली, घोडी केसभर सरकवली. "घोडी एकदा निघाली की महिनाभर सरकत राहते," ते गिटारकडे बघत म्हणाले. "आठवड्याला एकदा येऊन बघावं लागेल. तसा मला वेळ नसतो."

कामावर बेबी खोटं बटण ताबडतोब ओळखायची. इथे तिनं मान डोलावली. "मलाही रविवारी जरा गडबड असते," ती म्हणाली. "पण बघू. जमवू."

"मग आता तपासा. बाहेर जा."

ती बाहेर गेली. त्यांनी आतून दार लावून घेतलं. बेबी स्वयंपाकघरात उभी राहिली. पलीकडे सुरुवात झाली. बाबांचं नव्हतं ते. चाल वेगळी, हात वेगळा, मधेमधे एक दिखाऊ गिरकी, जी बाबांनी जन्मात घेतली नसती. तिनं दिवा लावला. चहाचं आधण ठेवलं. कुठलासा सूर अर्ध्यातच थांबला, आणि पलीकडे एकदम काहीच नाही. बेबीचा हात डब्यावर थांबला.

"काय झालं?" ती ओरडली.

"काही नाही! तार उतरली!"

"बरं!"

खुंटी पिळल्याची किरकिर झाली. मग पुन्हा वाजायला लागलं.

"साखर किती?"

"दोन!" वाजवणं थांबलं नाही.

"दोन?"

पलीकडे जरासा विचार झाला. "बरं, एक!"

बेबीनं दीड चमचा घातला आणि भांड्यावर झाकण ठेवलं, आवाज होणार नाही अशा बेतानं.